वैमानिकाची झोप कोणाच्या मालकीची?

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या देशाच्या विमानतळांवर जो हाहाकार उडाला, त्यामागे वादळ नव्हते, युद्ध नव्हते, संप नव्हता, इंधनाचा तुटवडाही नव्हता. धावपट्ट्या शाबूत होत्या. विमाने जागेवर होती. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर तर ती इतक्या संख्येने खोळंबली की नव्याने उतरणाऱ्या विमानांना उभे करायला जागा मिळेना, कारण उभ्या विमानांना उडवून नेणारे वैमानिक आणि कर्मचारीच नव्हते. ३ ते ५ डिसेंबर या अवघ्या तीन दिवसांत इंडिगोची २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उशिराने सुटली आणि हाती रीतसर विकत घेतलेले तिकीट असलेली तीन लाखांहून अधिक माणसे गावोगावच्या विमानतळांवर अडकून पडली. हे आकडे आमचे नव्हेत, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे आहेत. आता कंपनीने स्वतः सरकारपुढे मांडलेला हिशेब पाहावा. एअरबस ताफ्यासाठी कप्तान हवे होते २,४२२, हाताशी होते २,३५७. सहवैमानिक हवे होते २,१५३, हाताशी होते २,१९४. देशांतर्गत विमानप्रवास करणाऱ्या दर तिघांतील जवळजवळ दोघांना वाहून नेणारी कंपनी कोलमडली, ती पासष्ट कप्तान कमी पडले म्हणून.

विमान कंपन्यांना येत्या काळात वैमानिकांची टंचाई भासेल काय, असा प्रश्न परिसंवादांतून आणि उद्योगमंडळांच्या अधिवेशनांतून जणू पुढच्या पिढीची चिंता असल्यासारखा विचारला जातो. तो प्रश्न आता शिळा झाला. टंचाई आलेली आहे, ती आपल्या डोळ्यांदेखत देश ठप्प करून गेली आहे, आणि ती आकाशातून पडलेली नाही. ज्या नियमामुळे ती उघडी पडली तो नियम ८ जानेवारी २०२४ रोजी जाहीर झाला होता. वैमानिकाला आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास मिळावी, रात्र पहाटे पाचऐवजी सहा वाजेपर्यंत धरावी, रात्रपाळीत सहाऐवजी दोनच वेळा विमान उतरवण्याची मुभा असावी, इतकीच त्याची मागणी. तो १ जून २०२४ पासून लागू व्हायचा होता. कंपन्यांनी ओरड केली आणि तो पुढे ढकलला गेला. वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात झुंजावे लागले, तेव्हा कुठे १ जुलै २०२५ ला त्याचा पहिला टप्पा आणि १ नोव्हेंबरला दुसरा टप्पा अमलात आला. म्हणजे माणसे भरती करायला, सहवैमानिकांना कप्तानपदासाठी तयार करायला, वेळापत्रक आवरायला तब्बल बावीस महिने मिळाले होते. नोव्हेंबरात एकट्या इंडिगोची १,२३२ उड्डाणे रद्द झाली, त्यांतील ७५५ कर्मचाऱ्यांच्या आणि या नव्या नियमाच्या अडचणीमुळे. म्हणजे घंटा महिनाभर वाजत होती. ती ऐकायला कोणी जागे नव्हते.

आणि संकट कोसळल्यावर राज्यकर्त्यांनी पहिला हात कशाला घातला? कंपनीच्या फुगवलेल्या वेळापत्रकाला नव्हे; त्याची छाटणी पुढे झाली, तीही दहा टक्के. तिजोरीलाही नव्हे, तिचा विचार तर दीड महिन्यानंतर झाला. पहिला हात पडला तो वैमानिकाच्या झोपेवर. ५ डिसेंबरला, म्हणजे एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली त्याच दिवशी, महासंचालनालयाने इंडिगोच्या ए-३२० ताफ्याला रात्रीच्या कामावरील बंधनांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देऊन टाकली; आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा मोजता येणार नाही, हे कलम तर एका कंपनीपुरते नव्हे, सर्वांसाठीच मागे घेतले. ज्याने नियम पाळला नाही त्याला नियमातून मुक्तता, आणि ज्याच्या जिवासाठी नियम केला त्याच्याच अंथरुणावर जप्ती, अशा न्यायाने जे सरकार चालते ते सरकार प्रवाशांचे रक्षण करीत आहे असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? विश्रांतीचा तो नियम वैमानिकांना खूष करण्यासाठी आखलेला नव्हता. पहाटे दोन ते सहा या वेळेत मानवी शरीराची सावधानता तळाला जाते, हे निद्राशास्त्राचे सर्वमान्य सत्य आहे, आणि त्याच वेळी विमान उतरवण्याइतके सावधानतेचे दुसरे काम नाही, हे सत्य कोणाही वैमानिकाला विचारून पाहावे. अधिसूचना काढून रात्र लहान करता येत नाही.

मद्याचा अंश श्वासात सापडला तर वैमानिकाचा परवाना पहिल्याच खेपेस तीन महिन्यांसाठी निलंबित होतो. व्हायलाच हवा, त्याबद्दल कोणाचे दुमत नाही. परंतु १९९७ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि मन, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकेच चुकते. आणि चोवीस तास जागलेल्याची अवस्था त्याच्या दुपटीची असते. ही गोष्ट जगाला माहीत होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही मद्य घेतलेला वैमानिक आपण विमानाच्या दारातून परत पाठवतो, आणि रात्रीमागून रात्री जागवलेला वैमानिक आपण स्वतःच्या सहीशिक्क्याने, सरकारी सवलतीचा कागद हाती देऊन, दोनशे माणसांसह आभाळात चढवतो. एकाला गुन्हेगार ठरवणारी व्यवस्था दुसऱ्याला कर्तव्यनिष्ठ म्हणते. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर, पुण्याला जाणाऱ्या विमानाकडे निघालेला एक वैमानिक प्रवेशद्वारापाशीच कोसळला आणि मरण पावला. त्याला पुरेशी विश्रांती मिळाली होती असे कंपनीने सांगितले. त्या मृत्यूचे कारण ठरवण्याचा अधिकार आमचा नाही आणि तसा आव आम्ही आणत नाही. मात्र त्या घटनेने वैमानिकांच्या घराघरांत जी भीती दाटून आली, ती भीती ऐकून घेणे हे नियामकाचे काम होते, आणि जानेवारी २०२४ चा नियम अशाच साचलेल्या भीतीला दिलेले वचन होते. ते वचन मोडले गेले.

हे केवळ तर्कट आहे, प्रत्यक्षात काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी २२ मे २०१० ची पहाट आठवावी. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १५८ माणसे मरण पावली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने जे नोंदवले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो: कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात कप्तानाच्या घोरण्याचा आवाज होता, दीड तासाहून अधिक काळ तो झोपलेला होता, जागा झाल्यावरही झोपेची गुंगी उतरली नव्हती, आणि सहवैमानिकाने तीन वेळा उतरणे सोडून पुन्हा वर चढण्यास सांगितले असतानाही त्याने विमान तसेच रेटले. तो कप्तान परदेशी होता. परदेशी का? कारण त्या वर्षांत आपल्या कंपन्यांनी विमाने भराभर आणली आणि ती चालवणारे अनुभवी कप्तान घरात तयार केले नाहीत, म्हणून ते बाहेरून कंत्राटावर आणावे लागत. त्यांतील पुष्कळ जण निष्णात होते, याविषयी शंका नाही. पण टंचाई आणि थकवा एकाच कॉकपिटमध्ये बसले की काय होते, हे मंगळूरच्या दरीने दाखवून दिले. अहवाल प्रसिद्ध झाला. कपाटात गेला.

त्याला दहा वर्षे उलटली आणि ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी संध्याकाळी, पुन्हा दुबईहून, पुन्हा त्याच कंपनीचे विमान, पुन्हा टेकडीवरचीच धावपट्टी. कोझिकोडला १९० माणसांना घेऊन आलेले विमान ओल्या धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले, कड्यावरून खाली गेले आणि दुभंगले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. त्या विमानाचा कप्तान महाराष्ट्राचा होता, हवाई दलात घडलेला, गौरवलेला, हजारो तास उड्डाण केलेला. चौकशी अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचा दोष त्याच्यावर ठेवला. तो आम्ही झाकत नाही. पण तोच अहवाल पुढे जे म्हणतो ते या देशातील प्रत्येक विमान कंपनीच्या संचालक मंडळाच्या दारावर खिळ्याने ठोकले पाहिजे. कोझिकोड तळावर नेमणुकीस २६ सहवैमानिक होते आणि कप्तान होता एक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कप्तानाला पुढचे उड्डाण न्यायचे होते. विमान दुसरीकडे वळवले तर सकाळचे उड्डाण कोण करणार, हे ओझे त्याच्या डोक्यावर होते, आणि कोझिकोडलाच उतरण्याच्या त्याच्या असाधारण आग्रहाचे मूळ कंपनीच्या सदोष मनुष्यबळ धोरणात आहे असे तपासणाऱ्यांनी स्पष्ट लिहिले. सव्वीसास एक! पाच वर्षांनी पासष्ट कप्तानांअभावी देश ठप्प झाला तेव्हा ज्यांनी आश्चर्य व्यक्त केले, त्यांनी हा अहवाल वाचला नव्हता, किंवा वाचून ते विसरले होते. दोन्ही अपराध सारखेच मोठे आहेत.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण तिच्याभोवती मुद्दाम धुके उभे केले जाते. या देशात वैमानिक होऊ पाहणाऱ्या तरुणांची टंचाई नाही. २०२३ या एका वर्षात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले. मुलींचे प्रमाण तर आपल्याकडे जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. दोनशे तासांचे उड्डाण पुरे करून, चारचार परीक्षा देऊन, वैद्यकीय चाचण्यांसाठी खेपा घालून, घरदार गहाण ठेवून परवाना मिळवलेली मुले कंपन्यांच्या दाराशी वर्षानुवर्षे तिष्ठत उभी आहेत. तुटवडा आहे तो अनुभवाचा. सहवैमानिक कप्तान होतो तो पंधराशे तासांचे उड्डाण, वरच्या परवान्याची परीक्षा, सिम्युलेटरमधील कसोट्या आणि प्रशिक्षक कप्तानाच्या नजरेखाली केलेली प्रत्यक्ष उड्डाणे एवढ्या सगळ्यांतून गेल्यावर. यात काही वर्षे जातात आणि जायलाच हवीत. वादळी ढगातून विमान वळवायचे की नाही, उतरणे सोडून पुन्हा वर चढायचे की नाही, हे क्षणार्धात ठरवणारी जी विवेकबुद्धी आहे, ती पैसे मोजून एका रात्रीत विकत मिळत नाही. आणि या शिकवणीचा कणा असलेला प्रशिक्षक कप्तान हाच नेमका वेळापत्रकाच्या ओढाताणीत पहिला बळी जातो: उड्डाणाला कप्तान कमी पडला की शिकवणाऱ्याला ओढून उड्डाणावर पाठवतात, शिकवणे थांबते, शिकवणे थांबले की पुढच्या वर्षीचे कप्तान तयार होत नाहीत, आणि पुढच्या वर्षी टंचाई अधिक वाढते. पेरणीचे बियाणे दळून भाकरी करणाऱ्या घरासारखी ही गत आहे. उपासमार ठरलेली.

अशा परिस्थितीत आपल्या कंपन्यांनी काय केले? त्यांनी विमाने मागवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७०. जूनमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात इंडिगोने एका दमात ५००. जानेवारी २०२४ मध्ये अकासाने १५०. मागणी नोंदवलेल्या विमानांची संख्या १,७०० च्या घरात गेली आणि केंद्रीय मंत्र्यांनी सभांतून सांगितले की येत्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार वैमानिक लागतील. तीस हजार! हा आकडा उच्चारताना मंत्र्यांच्या स्वरात अभिमान असतो. आमच्या मनात तो ऐकून धास्ती उभी राहते. कारण हीच बाजारपेठ २०१२ मध्ये किंगफिशर बुडताना, २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडताना, २०२३ च्या मेमध्ये गो फर्स्ट थांबताना आपल्या अनुभवी वैमानिकांना थकलेल्या पगारासह रस्त्यावर सोडून मोकळी झाली होती. करोनाच्या साथीत पगार कापले, माणसे काढली. तेव्हा आखाती देशांच्या कंपन्यांनी त्यांना दारे उघडली आणि ते गेले, आजही जातात. आज आपले सरकार आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे जाऊन गाऱ्हाणे मांडते की परदेशी कंपन्या आमची अनुभवी माणसे पळवतात. ज्या घरात माणसाला ना शाश्वती, ना विश्रांती, ना मान, त्या घरातून तो निघून गेला तर चोरी कोणाची?

त्याला जाऊ न देण्यासाठी जो उपाय योजला गेला तो तर अधिकच लाजिरवाणा आहे. कप्तानाला नोकरी सोडायची तर वर्षभराची आगाऊ सूचना आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची, असा दंडक २०१७ पासून सरकारनेच घालून दिला आहे. २०२३ मध्ये अकासाचे ४३ वैमानिक ती मुदत न पाळता निघून गेले, उड्डाणे कोलमडली आणि कंपनी उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढली. अचानक निघून जाणे योग्य नव्हते, प्रवाशांना त्याची झळ बसली, हे आम्ही मान्य करतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये नव्या करारांवरून नाराज वैमानिक आजारपणाच्या रजेवर गेले आणि विस्तारा या कंपनीला आपली दहा टक्के उड्डाणे आवरती घ्यावी लागली, तेही आम्ही विसरलेलो नाही. परंतु माणसाला वर्षभर वेठीस धरणारा कायदा ज्या उद्योगाला लागतो, त्या उद्योगाने स्वतःच्या अंतःकरणात डोकावून पाहावे. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या भीषण अपघातात २६० जीव गेले. चारच दिवसांनी एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी एका दिवसात आजारी असल्याचे कळवले, असे संसदेत सांगितले गेले. त्या आजाराचे नाव प्रत्येक समंजस माणसाला कळते. सहकारी गमावलेल्या त्या माणसांच्या मनाची विचारपूस करण्याची व्यवस्था आपल्याकडे किती, आणि मनाने खचलो आहे असे सांगितले तर परवाना जाईल या भीतीने ओठ शिवून घेणारे किती? त्याच महिन्यात कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावण्यातील गंभीर त्रुटींसाठी त्या कंपनीतील तीन अधिकाऱ्यांना त्या कामातून दूर करण्याचा आदेश खुद्द महासंचालनालयाला काढावा लागला. म्हणजे रोग एका कंपनीचा नाही. साऱ्या आकाशाला तो जडला आहे.

आता शिक्षणाकडे वळू, आणि येथे महाराष्ट्राने मान खाली घालावी. १९२८ मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब उभा राहिला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना या देशातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपाल घेऊन आपले छोटे विमान जुहूच्या मैदानावर उतरवले आणि भारतीय विमान वाहतुकीचा जन्म झाला. ज्या भूमीवर हा इतिहास घडला तेथे आज काय चित्र आहे? नागपूरच्या शासकीय फ्लाइंग क्लबची विमाने कित्येक वर्षे हँगरमध्ये धूळ खात उभी राहिली आणि विदर्भातली मुले वडिलांची शेती विकून दक्षिण आफ्रिका नि अमेरिका गाठत राहिली. बारामती परिसरात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एका आठवड्याच्या आत एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमाने कोसळली, तेव्हा कुठे त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवून तपासणी झाली. गोंदियाजवळ बिरसीला, धुळ्याला, शिरपूरला मुले शिकत आहेत, अमरावतीच्या बेलोऱ्यात वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची एअर इंडियाची अकादमी आली आहे, हे स्वागतार्हच. परंतु महासंचालनालयाने २०२५ मध्ये देशातल्या ३५ उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिलीच प्रतवारी जाहीर केली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. १३ मधल्या श्रेणीत, २२ तळाच्या. एकही नाही! तीस हजार वैमानिकांची स्वप्ने पाहणाऱ्या राष्ट्राची शाळा ही अशी आहे.

आणि या शाळेची फी? परवान्यापासून एका विशिष्ट जातीचे विमान चालवण्याच्या टाइप रेटिंगपर्यंत पोचायला पन्नास लाखांपासून कोटीपर्यंत, कधी त्याहून अधिक. म्हणजे साताऱ्यातल्या शिक्षकाची, जालन्यातल्या शेतकऱ्याची, परळच्या चाळीतली बुद्धिमान मुलगी पहिल्याच पायरीवर बाद. डॉक्टर घडवायला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये असावीत हे आपण शंभर वर्षांपूर्वी मान्य केले. वैमानिक घडवायला मात्र बापाची जमीन पुरेशी आहे असे आपण मानतो. कोटीभराचे कर्ज पाठीवर घेऊन कॉकपिटमध्ये बसलेला पंचविशीतला तरुण थकलो आहे असे सांगायला धजेल? रात्रीची तिसरी पाळी नाकारील? ज्याचा हप्ता दर महिन्याच्या उड्डाण तासांवर फिटतो त्याच्या तोंडून नकार निघत नाही. शिक्षणाची ही लूट आणि कॉकपिटमधला थकवा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. पहिली दुसरीला जन्म देते.

या सगळ्यावर ज्याने लक्ष ठेवायचे त्या महासंचालनालयातील निम्म्याच्या आसपास पदे रिकामी आहेत, असे संसदेच्या समितीने २०२५ मध्ये बजावले. ज्यांच्याकडे पुरेसे निरीक्षक नाहीत ते कंपनीच्या पुरेशा कप्तानांची मोजदाद करणार, या व्यवस्थेवर प्रवाशाने प्राण सोपवायचे आहेत. डिसेंबरच्या हाहाकारानंतर बळी कोणाचा गेला? चार कंत्राटी उड्डाण निरीक्षकांची नोकरी. आणि दंड? जानेवारी २०२६ मध्ये इंडिगोला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला गेला. याच कंपनीचा २०२४-२५ या आर्थिक वर्षातला निव्वळ नफा ७,२५८ कोटी रुपये आहे. वाचकांनी भागाकार करून पाहावा. तीन लाख माणसांच्या हालअपेष्टांची किंमत या देशाने कंपनीच्या एका दिवसाच्या नफ्याहून किंचित अधिक ठरवली आहे. असा दंड म्हणजे शिक्षा नव्हे, परवानगी आहे.

म्हणून आम्ही मागणी करतो, आणि ती वैमानिकांच्या वतीने नव्हे, विमानात बसणाऱ्या प्रत्येकाच्या वतीने करतो. ज्या कंपनीकडे विश्रांतीचा नियम पाळून पुरतील इतके कप्तान नाहीत, तिला नवे विमान ताफ्यात घेऊ देऊ नये आणि नव्या मोसमाच्या वेळापत्रकात एकही वाढीव उड्डाण मंजूर करू नये. कप्तानांची, सहवैमानिकांची आणि प्रशिक्षकांची संख्या प्रत्येक कंपनीने दर तिमाहीस जाहीर करावी, म्हणजे तिकीट काढणाऱ्याला आपण कोणाच्या हाती चाललो आहोत हे कळेल. प्रशिक्षक कप्तानाला उड्डाणाच्या गरजेपोटी शिकवण्यातून खेचण्यास मनाई व्हावी. थकल्याचे कळवणाऱ्या वैमानिकाची तक्रार कंपनीकडे नव्हे, स्वतंत्र यंत्रणेकडे जावी आणि त्याच्या नोकरीला धक्का लावणाऱ्यास जबर दंड व्हावा. राज्य सरकारने नागपूरचा फ्लाइंग क्लब आणि राज्यातील हवाई पट्ट्या हाती घेऊन गुणवत्तेवर प्रवेश देणारी, फी परवडणारी उड्डाण विद्यालये उभारावीत. आणि विश्रांतीचा नियम एका अधिकाऱ्याच्या सहीने शिथिल करण्याचा अधिकारच काढून घेण्यात यावा.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ सदस्य जातात. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विमानतळांवरून ते दर आठवड्याला दिल्लीला ये-जा करतात, आणि त्यांच्या विमानाच्या कॉकपिटमध्येही याच रोस्टरवर जागलेली माणसे बसलेली असतात. या सदस्यांनी पक्षभेद बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना उभे करावे आणि विचारावे: ५ डिसेंबर २०२५ रोजी वैमानिकांची रात्रीची विश्रांती कमी करण्याचा जो आदेश निघाला, तो कोणत्या वैद्यकीय सल्ल्यावरून निघाला, आणि तो सल्ला देणाऱ्या डॉक्टरचे नाव काय?